बाबांची चाळणी

११ जानेवारी

माझी निवड झाली! पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं. संशोधन संस्थेने दहा कलावंत आणि दहा शास्त्रज्ञ निवडलेत. त्यांच्या जोड्या लावायच्या, आठ महिने एकत्र काम करायचं आणि सप्टेंबरात प्रदर्शन. बाकीच्यांनी अर्जात काय काय थोर लिहिलं असेल देव जाणे. मी एकच ओळ लिहिली होती : 'माझ्या हातात काय दोष आहे ते मोजून द्या.'

आई म्हणाली, "हे काय गं लिहायचं? लोक हसतील."

हसू देत. बाबांना जाऊन तेवीस वर्षं झाली. जाताना सगळ्यांदेखत त्यांनी रंगांची वही माझ्या हातात दिली होती. मातीच्या भांड्यांच्या कारखान्याची पाटी धाकट्या भावाला, वही मला. मी किती रडले होते त्या दिवशी, अभिमानानेच जास्त. आणि त्या वहीतला लाल, बाबांचा लाल, ज्याच्यासाठी लांबलांबून माणसं यायची, तो मला आजवर एकदाही साधला नाही. तेच पाच जिन्नस, तेच वजन, तशीच भट्टी. माझ्याकडे उतरतो तो कलेजीचा रंग. तोही शिळ्या कलेजीचा. बाबा असतानाच म्हणाले होते, "पोरी, तुझा हात जड आहे." झालं, लागला निकाल. तेव्हापासून मी पांढरी आणि राखाडी भांडी करते, आणि वर्षातून एकदा, कुणाला न सांगता, लाल करून बघते. अशा तेवीस वाट्या माळ्यावरच्या खोक्यात पडून आहेत.

४ फेब्रुवारी

माझी शास्त्रज्ञ आज भेटली. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. केस स्वतःच कात्रीने कापल्यासारखे. बिस्कीट चहात बुडवत नाही, चहाच्या वाफेवर धरते आणि मऊ झालं की खाते. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "बुडवलं की किती सेकंदांत तुटेल ते सांगता येत नाही." हिचं नाव मी मनातल्या मनात यंत्रबाई ठेवलंय.

तिच्या खोलीत टेबल कुठे संपतं आणि पसारा कुठे सुरू होतो ते कळत नाही. कोपऱ्यात एक पिस्तुलासारखं यंत्र आहे. ते भांड्यावर टेकवलं की न फोडता, न खरवडता सांगतं, रंगात कोणकोणते धातू किती आहेत. मला त्याचा काही उपयोग नाही. धातू मला माहीत आहेत, वहीत लिहिलेत. मला हात मोजून हवाय.

१९ फेब्रुवारी

यंत्रबाई आज माझ्या कारखान्यात आली. माझ्या दोन्ही मनगटांना पट्टे बांधले. मी पाच जिन्नस तोलले, पाण्यात कालवले, मग चाळणी आणायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर ही विचारते, "चाळणी इथेच का नाही ठेवत?"

तिला सांगितलं की ही आमची घरची रीत. बाबा ग्लेझ, म्हणजे भांड्यांवर चढवायचा रंग, कालवायला बसले की हमखास चाळणी घरी विसरायचे. मी तेराएक वर्षांची असेन तेव्हापासून त्यांच्या हाताशी होते. "जा गं, चाळणी घेऊन ये" म्हणाले की मी पळत सुटायचे. एकदा फारच लवकर परतले तर केवढे ओरडले होते माझ्यावर! पळू नकोस, पडशील म्हणून. जीव होता त्यांचा माझ्यावर. आता ते नाहीत तर मीच चाळणी मुद्दाम आत ठेवते. तेवढंच त्यांच्याबरोबर काम केल्यासारखं वाटतं.

यंत्रबाई हसली नाही. म्हणाली, "दर वेळी विसरायचे?"

"दर वेळी. इतका विसरभोळा माणूस मी पाहिला नाही."

मग तिने विचारलं, वहीतल्या पाचांखेरीज काही घालून पाहिलंत का? पुस्तकांत लाल रंगासाठी काय काय दिलेलं असतं. मला राग आला. पुस्तकं मीही वाचलीत म्हटलं. कुणी कथील घालतं, कुणी आणखी काही. बाबा म्हणायचे, "ज्यांना हात नाही त्यांनी पुड्या टाकाव्यात." मी जन्मात पुडी टाकणार नाही. येईल तर हाताने येईल, नाहीतर राहील.

७ मार्च

धाकट्याच्या कारखान्यात गेले होते. सप्टेंबरच्या प्रदर्शनाचं सांगितलं तर खूश झाला. त्याच्या मांडणीवर लाल वाट्यांची रांग होती. देवा, काय ओबडधोबड काम! काठ जाड, बूड त्याहून जाड. पण लाल? अस्सल बाबांचा. वही नाही, काही नाही, म्हणतो तोंडपाठ आहे. देणगी असते एकेकाची. माझ्या मनात जळफळाट होतो हे इथे लिहायला काय हरकत आहे.

त्याच्या फळीवर आईचा जुना टाल्कम पावडरीचा डबा अजून आहे. बाबांच्या फळीवर असायचा तोच. पत्रा गंजलाय पण टाकवत नाही म्हणाला. माझा भाऊ वरून दिसतो तसा नाही, हळवा आहे.

निघताना माझी यंदाची वाटी दाखवली. उजेडात धरून नेहमीसारखा म्हणाला, "ताई, बुडवताना जरा जड होतो गं तुझा हात. हलक्या हाताने घे."

१४ एप्रिल

दोन महिन्यांची मोजमापं हातात आली. यंत्रबाईने कागद पसरले आणि म्हणाली, "मी या संस्थेत शल्यविशारदांचे हात मोजलेत. घड्याळजींचे मोजलेत. तुमच्याइतका स्थिर हात माझ्याकडे नोंदलेला नाही."

मी म्हटलं, पट्टे सैल असतील.

"पट्टे तीनदा बदललेत. शंभर वाट्या बुडवल्यात तुम्ही. प्रत्येक वाटी तीन सेकंद, आणि रंगाच्या थराच्या जाडीत फरक केसाएवढाही नाही. हात जड आहे हे कोण म्हणालं तुम्हाला?"

"माझे वडील."

तिने कागद गोळा केले. मग म्हणाली, त्यांची एखादी वाटी आणाल का? तिला पिस्तूल लावून बघायचंय. बाबांची एकच वाटी माझ्याकडे आहे, वहीबरोबर दिलेली.

घरी येऊन आईला सांगितलं. हात स्थिर आहे म्हणाली म्हटल्यावर आईला आनंद व्हावा की नाही? ती म्हणते, "जुनी भांडी कशाला नेतेस तिकडे? फुटतील." मग भाजी निवडता निवडता विचारते, "ती यंत्रं आतलंही बघतात का गं?" चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईला विज्ञानाची गोडी लागलीय!

२८ एप्रिल

वाटी देऊन दहा दिवस झाले. यंत्रबाई फोन घेत नाही. घेतला तर म्हणते, अजून बघतेय. वहीच्या पानांचे मात्र फोटो काढून घेतले. भोळेपणाने काढू दिले मी.

६ मे

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

न कळवता तिच्या खोलीत गेले. ती जागेवर नव्हती. टेबलावर बाबांची वाटी होती, आणि शेजारी कोण? धाकट्याची वाटी! ते जाड बूड मी आंधळी असते तरी ओळखलं असतं. म्हणजे माझ्या पाठीमागे त्याच्याकडे जाऊन आली. लाल ज्याला येतो त्याच्याबरोबर प्रदर्शन करणार, असंच ना? मी काय, मनगटं मोजायला बरी.

ती आली. मी जे तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं. वहीसाठी गोड बोलत होतीस म्हटलं. ती पांढरीफटक पडली. "मी ती वाटी दुकानातून विकत आणलीय. त्यांना मी कोण ते माहीतही नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कारण मला आधी खात्री करायची होती."

"कसली?"

ती टेबलावरचे कागद उलटे करून ठेवायला लागली. बाबांची वाटी उचलली आणि निघून आले. प्रकल्प गेला खड्ड्यात.

आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. सोडून दे तो नाद." आणि चक्क गोडाचं करायला घेतलं. माझी आई बिचारी, माझ्यासाठी किती धास्तावली होती.

२१ मे

यंत्रबाई घरी आली. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हटलं नाही. तिने एक कागद पुढे केला.

"तुमच्या घरातलं काही माझ्या यंत्रातून बाहेर पडावं असं मला वाटत नव्हतं," म्हणाली. "म्हणून तीनदा मोजलं. यंत्र चुकत असेल अशी आशा होती."

कागदावर तीन रकाने. माझी वाटी, बाबांची वाटी, धाकट्याची वाटी. तांबं तिघांतही सारखं. बाकीचंही सारखं, वहीबरहुकूम. शेवटची एक ओळ तेवढी वेगळी. कथील : बाबांच्या वाटीत शंभराला एक. धाकट्याच्या वाटीत शंभराला एक. माझ्यात शून्य.

मी म्हटलं, यंत्र चुकलंय. ती म्हणाली, असेल. आणि गेली. जाताना एक छोटी डबी पायरीवर ठेवून गेली. पांढरी पूड. कथिलाची.

२२ मे

बाबा पुडी टाकणार नाहीत. शक्यच नाही. ज्यांना हात नाही ते टाकतात. मी दिवसभर त्यांच्यासमोर बसलेली असायचे. एकेक जिन्नस माझ्या डोळ्यांदेखत तोलायचे. मी कधी उठले तरी का तिथून?

चाळणी आणायला उठायचे.

२३ मे

काल तेवढं लिहून पेन ठेवलं. आज लिहिते.

आई व्हरांड्यात बसली होती. मी समोर जाऊन विचारलं, "मी चाळणी आणायला जायचे तेव्हा बाबा काय करायचे?"

ती नाही म्हणाली नाही, काय बडबडतेस म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "ते नाही. मी घालायचे."

"काय?"

"एक चमचा. पावडरीच्या डब्यातून."

आई आयुष्यात कधी पावडर लावत नव्हती. हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी सुचतंय.

मग सगळं आलं. मी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा चाकावर मातीतून मोठी बरणी उचलली. बाबा बघत होते. घरी येऊन आईला म्हणाले, ही माझ्या पुढे गेली. त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे म्हणायला लागले, हिच्याकडे हात आहे, धाकट्याकडे काहीच नाही. हिला रंगही मिळाला तर त्याला कोण विचारणार? रंग त्याला राहू दे.

"आणि वही?" मी विचारलं.

"तुला काहीतरी द्यायला हवं होतं ना," आई म्हणाली.

"हात जड आहे म्हणाले मला! तू तिथे होतीस. ऐकत होतीस."

"तू दुसरीकडे जाऊन विचारू नयेस म्हणून म्हणाले गं. त्यांचा जीव होता तुझ्यावर."

मी ओरडले. जन्मात आईवर ओरडले नव्हते तेवढं ओरडले. तेवीस वर्षं माझ्या हातचं खाते आहेस, दर वर्षी ती घाणेरडी वाटी भट्टीतून काढताना माझं तोंड बघतेस, आणि एक शब्द नाही? ती रडत म्हणाली, मला शपथ घातली होती. मेलेल्या माणसाची शपथ जिवंत पोरीपेक्षा मोठी, असंच म्हणायचं मग.

९ जून

यंत्रबाईकडे गेले. माफी मागायची होती पण तोंडातून "बिस्किटं आणलीत" एवढंच निघालं. तिने पुडा घेतला. बहुतेक भागलं तेवढ्यावर.

१८ जून

तिच्या डबीतलं अर्धा चमचा घालून एक लहानशी फरशी भाजली. सकाळी भट्टी उघडली.

लाल. बाबांचा लाल म्हणणार होते, पण बाबांची वाटी शेजारी ठेवली तर त्यांचा काठाशी जरा फिकट दिसतो. माझा काठापर्यंत भरलेला. रंग त्यांच्या लालापेक्षा चांगला आलाय. फरशी ओट्यावर ठेवली आणि खाली बसून रडले. आनंद असा झालाच नाही. नुसता अर्धा चमचा होता, आणि मी तेवीस वर्षं स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. कित्येकदा तर भिंतीवर आपटलाय हा हात.

३० जून

धाकटा आला. आईने बोलावलं असणार. दारातूनच म्हणाला, "ताई, बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती. बावीस वर्षांचा होतो मी."

"आणि पंचेचाळिसाव्या वर्षी? मार्चमध्ये माझी वाटी उजेडात धरून काय म्हणालास? हलक्या हाताने घे?"

त्याने मान खाली घातली. "काहीतरी म्हणायला हवं होतं."

हे या घरात सगळ्यांचं एकच उत्तर आहे. काहीतरी द्यायला हवं होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं. मला गप्प बसलेलं चाललं असतं रे! खोटं कशाला?

३ ऑगस्ट

प्रदर्शनाचं ठरलं. भिंतीवर माझ्या हाताच्या नोंदींचा आलेख, एका टोकाला बाबांची वाटी, दुसऱ्या टोकाला धाकट्याची, मध्ये खोक्यातल्या तेवीस कलेजी वाट्या ओळीने, आणि त्यांच्या पुढे नव्या बारा लाल. यंत्रबाईने विचारलं, फलकावर कृती लिहायची का? पाच जिन्नस की सहा? ती म्हणाली, मोजमापं तिची असली तरी गोष्ट माझी आहे, मी म्हणेन तसं.

१२ ऑगस्ट

आईला आणि धाकट्याला फलकाचं कळलं. धाकटा हात जोडून उभा राहिला. "ताई, सहावा जिन्नस भिंतीवर लागला तर जो तो लाल करेल. मला चाकावर भांडं नीट उचलता येत नाही, तुला माहीत आहे. लाल नसेल तर माझ्याकडे कोण येईल?"

आई म्हणाली, "तुझ्याकडे हात आहे गं. त्याच्याकडे काय आहे?"

हेच वाक्य बाबांनी म्हटलं होतं, तिनेच मला सांगितलं मे महिन्यात. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. म्हणजे हात चांगला आहे याचा दंड मी दुसऱ्यांदा भरायचा. मी बघते म्हटलं. धाकट्याने माझा हात हातात घेतला आणि डोळे पुसले. जाताना तो गंजका डबा माझ्या ओट्यावर ठेवून गेला. "तुझाच होता," म्हणाला.

२९ ऑगस्ट

फलकाचा मजकूर सकाळी पाठवला. सहा जिन्नस, वजनासकट. यंत्रबाईचा फोन आला, "नक्की?" नक्की म्हटलं. धाकट्याला काही सांगितलं नाही. उद्घाटनाला तो येणार आहे, त्याच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितलीय. तिथूनच वाचेल. मी काही लपवत नाहीये, भिंतीवरच तर लावतेय.

मग प्रदर्शनाच्या बारा वाट्यांचं ग्लेझ कालवायला बसले. आई हळूहळू चालत आली आणि स्टुलावर बसली, पूर्वी बाबांच्या शेजारी बसायची तशी. मे महिन्यापासून आम्ही कामापुरतं बोलतो. तिला समेट करायचा असावा. मी पाच जिन्नस तोलले, पाण्यात कालवले. आईने न सांगता पावडरीचा डबा पुढे घेतला, झाकण काढलं, चमचा हातात धरला.

चाळणी माझ्या मांडीवर होती. तिला दिसत होती.

मी म्हटलं, "आई, आतून जरा चाळणी आण ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चमचा खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. का पाठवलं मलाही कळत नाही. तिच्यापासून लपवण्यासारखं काय राहिलंय.

मी कथील घातलं, ढवळलं, गाळून घेतलं. वाट्या बुडवायला लागले. प्रत्येक वाटी तीन आकडे मोजून. हात एकदाही हलला नाही. आई आतल्या दाराशी उभी होती, उंबऱ्याजवळ तिची पावलं दिसत होती. मी बोलावीन म्हणून थांबली असणार. बाराही वाट्या होईपर्यंत मी हाक मारली नाही.